खाण जमिनीखाली, शिवार जमिनीवर: अहवालातला जमीनवापर कसा वाचायचा

भूमिगत कोळसा खाणीच्या पर्यावरण अहवालात एका अर्थाचं वाक्य हमखास असतं: खाण जमिनीखाली असल्यामुळे वरच्या जमिनीचा वापर आहे तसाच राहील. ज्यांनी आपल्या नागपूर जिल्ह्यातली उमरेडची किंवा गोंडेगावची खुली खाण पाहिली आहे, त्यांना हे वाचून हायसं वाटतं. मातीचे डोंगर उभे राहणार नाहीत, गाव उठणार नाही, कपाशीच्या जागी कपाशी राहील आणि संत्र्याच्या जागी संत्रा. २०२३ साली गोंडखैरीच्या भूमिगत खाणीसाठी जनसुनावणी झाली, तेव्हापासून कळमेश्वर तालुक्यातले ओळखीचे शेतकरी मला या वाक्याबद्दल विचारत असतात. मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि काही हंगाम अशाच अहवालांसाठी झाडं-झुडपं मोजत शिवारं पालथी घातली, म्हणून विचारतात.

माझं उत्तर असं: ते वाक्य अर्धं आहे. उरलेलं अर्धं त्याच अहवालात असतं, फक्त जमिनीच्या प्रकरणात नसतं. ते भूजलाच्या, जमीन खचण्याच्या आणि वनस्पतींच्या प्रकरणांत विखुरलेलं असतं. ती प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून कशी वाचायची, ते इथे सांगते.

कोअर, बफर आणि टक्केवारी

कोळसा खाण सुरू करायची तर १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीसाठी जो अहवाल बनतो त्यात खाणीची हद्द आणि तिच्या भोवतीचे १० किलोमीटर, एवढ्या टापूचा अभ्यास करतात. हद्दीच्या आतल्या भागाला कोअर म्हणतात, बाहेरच्याला बफर. पेंच आणि ताडोबामुळे हे दोन्ही शब्द आपल्या तोंडी आहेत, पण इथे त्यांचा अर्थ जवळपास उलटा होतो. वाघाच्या जंगलात कोअर म्हणजे जिथे हात लावायचा नाही ती जागा. खाणीच्या अहवालात कोअर म्हणजे जिथे काम चालणार ती जागा. गावातल्या बैठकीत यावरून गोंधळ होताना मी पाहिला आहे, म्हणून आधीच सांगितलं.

बफरचा तक्ता वाचताना एक हिशेब डोक्यात ठेवा. १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे ३१,४०० हेक्टर. तुमच्या गावचं २० हेक्टरचं चराईचं रान त्यात ०.०६ टक्के भरतं. रंगीत गोल आलेखात ही फोड दिसणारही नाही. त्या २० हेक्टरवर गावाची सगळी जनावरं चरत असली तरी टक्केवारीच्या रकान्यात ती गोष्ट मावत नाही. त्यामुळे बफरचे टक्के बाजूला ठेवून कोअरचा तक्ता शोधा आणि तो हेक्टरमध्ये वाचा. त्यातही एक ओळ महत्त्वाची: वरच्या कामांसाठी लागणारी जमीन. भूमिगत खाणीलाही आत उतरायला तिरपा बोगदा लागतो, हवेचा पंखा आणि त्याची विहीर लागते, कोळसा साठवायला अंगण, वजनकाटा, विजेचं उपकेंद्र, ट्रकचा रस्ता. ही जमीन खरोखरच बदलते, आणि ती कोणत्या गट नंबरात पडते ते अहवालात लिहिलेलं असायला हवं.

उपग्रहाला धुरा दिसत नाही

जमीनवापराचा नकाशा बनतो उपग्रहाच्या चित्रावरून. आपल्याकडे बहुतेक वेळा इस्रोच्या रिसोर्ससॅट उपग्रहाची चित्रं वापरतात. त्यातल्या लिस-३ या कॅमेऱ्याच्या चित्रात एक चौकोन जमिनीवरच्या २३.५ मीटर लांब, २३.५ मीटर रुंद तुकड्याएवढा असतो. आपल्या मापात साडेपाच गुंठे. म्हणजे एका एकराचे जेमतेम सात चौकोन. प्रत्येक चौकोनाला एकच रंग मिळतो. तीन-चार मीटर रुंदीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभूळ, बोर, कडुनिंब आणि एखादं जुनं मोहाचं झाड उभं असलं, तरी तो धुरा शेजारच्या कपाशीत विरघळून जातो. पांदणीच्या, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेच्या, दोन्ही कडांच्या झाडांचंही तेच. लिस-४ चा चौकोन ५.८ मीटरचा असतो, त्यात पुष्कळ जास्त कळतं. कोणतं चित्र वापरलं ते अहवालात लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा तेच पाहते.

दुसरं पाहते ते चित्राची तारीख. हिरवी पानं डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतात आणि लाल प्रकाश शोषून घेतात. उपग्रह या दोघांतला फरक मोजतो, आणि त्यावरून वनस्पती किती दाट आहेत ते ठरतं. आता आपल्याकडचं जंगल आठवा. सागवान, धावडा, लेंडिया, ऐन, तेंदू, सालई, मोवई: सगळी पानगळीची झाडं. एप्रिलच्या चित्रात सागवानाचं रान उघडंबोडकं असतं, त्यामुळे ते झुडपी पडीत म्हणून रंगवलं जाण्याचा धोका असतो. ऑक्टोबरच्या चित्रात तूर आणि कपाशी एवढ्या माजलेल्या असतात की जंगल कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं ते सांगणं अवघड. म्हणून खरीप, रब्बी आणि उन्हाळा अशी तिन्ही हंगामांची चित्रं एकमेकांवर ठेवून पाहणं हाच भरवशाचा मार्ग. नागपुरात राहून एकाच चित्रावर समाधान मानायचं काही कारण नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय याच शहरात आहे, आणि महाराष्ट्राचं सुदूर संवेदन केंद्रही इथेच.

संत्र्याची गंमत तर वेगळीच. बागेत झाडं साधारण ६ मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी २७७. एका साडेपाच गुंठ्यांच्या चौकोनात पंधरा झाडं आणि मधली उघडी माती. पहिली चार-पाच वर्षं तर त्या मधल्या मातीत सोयाबीन असतं. त्यामुळे नवा बगीचा तक्त्यात ‘शेती’त जातो. सोयाबीनचं नुकसान झालं तर पुढच्या मृगात पुन्हा पेरता येतं. बगीचा गेला तर फळ धरेपर्यंत पुन्हा पाच वर्षं थांबावं लागतं. दोघांना एकच रंग देणारा नकाशा संत्रापट्ट्यात अपुराच.

झुडपी जंगल: एक जमीन, तीन नावं

इथे थोडं थांबायला हवं, कारण पूर्व विदर्भाबाहेर हा प्रश्न कुणाला नीट माहीत नसतो.

जुन्या मध्यप्रांताच्या महसूल दप्तरात मुरमाड, खुरट्या झुडपांच्या जमिनीला ‘झुडपी जंगल’ असं लिहिलं गेलं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या सातबाऱ्यांवर ती नोंद तशीच चालत आली. गावासाठी ही जमीन चराईची, सरपणाची, निस्तारची, म्हणजे गावाच्या रोजच्या गरजांची. सरकारने मध्यंतरी सुमारे ८६,००० हेक्टर झुडपी जंगल वनव्यवस्थापनाला अयोग्य ठरवून वेगळं काढायचा प्रयत्न केला. अनेक ठिकाणी त्यावर शाळा, वस्त्या, कार्यालयं उभीही राहिली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच आहे. १९९६ आधी ज्या जागा इतर कामांना दिल्या गेल्या, त्या नियमित करून घेण्याची वाट मात्र मोकळी ठेवली.

आता हीच जमीन खाणीच्या अहवालात कशी येते पाहा. उपग्रहाच्या नकाशात ती ‘झुडपी पडीत’ म्हणजे ओसाड जमिनीच्या गटात पडते. भारतीय वन सर्वेक्षण वनाच्छादन मोजताना एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा आणि त्यावर किमान १० टक्के झाडांची सावली एवढंच बघतं. जमीन कुणाची, झाड कुठलं, याच्याशी त्या मोजणीचा संबंध नसतो. त्या हिशेबाने संत्र्याचा जुना दाट बगीचा वनाच्छादनात मोजला जाऊ शकतो आणि झुडपी जंगल त्यातून सुटू शकतं. कायद्याने मात्र झुडपी जंगल वन आहे आणि बगीचा शेतकऱ्याची खासगी शेती.

म्हणून अहवालात ‘ओसाड’ किंवा ‘पडीत’ असा आकडा दिसला की त्यातले गट नंबर मागायचे आणि सातबाऱ्याशी ताडून बघायचे. निघालं झुडपी, तर वन संवर्धन कायद्याखालची वेगळी परवानगी लागते. खाण भूमिगत असली तरी लागते, कारण जंगलाखालचं खाणकामही वनेतर कामच मानलं जातं. ही पडताळणी तलाठ्याच्या दप्तरात बसून एका दुपारी होते. तिच्यासाठी उपग्रह लागत नाही.

चौकटीत काय सापडतं

वनस्पतींचं सर्वेक्षण कसं करतात ते मी करून पाहिलं आहे. रानात १० मीटर बाजूची चौकट आखायची आणि त्यातली सगळी झाडं मोजायची, बुंध्याचा घेर घ्यायचा. झुडपांसाठी त्याहून लहान चौकट, आणि गवत व रोपट्यांसाठी १ मीटरची. अशा चौकटी जागोजागी घ्यायच्या. मग कोणतं झाड किती दाट, किती चौकटींत सापडतं आणि त्याचे बुंधे किती जागा व्यापतात, या तीन टक्केवाऱ्यांची बेरीज करून प्रत्येक जातीचा महत्त्व-निर्देशांक काढतात. सगळ्या जातींची बेरीज ३०० होते. कळमेश्वर, सावनेरच्या बाजूला शिवारात बाभूळ, पळस, कडुनिंब, बोर वर येतात आणि रानात सागवान.

पद्धत चांगली आहे. अडचण महिन्याची आहे. नियमाप्रमाणे अहवालासाठी एका हंगामाची, तीन महिन्यांची पाहणी पुरते, आणि तो हंगाम पावसाळ्याचा नसावा लागतो. हवेतली धूळ मोजायला हे ठीक आहे, पण गवत मोजायला पावसाळ्याइतका दुसरा काळ नाही. एका मार्चमध्ये मी माळावर दोरी ताणून बसले होते. चौकटीत वाळलेलं कुसळ आणि गोटे. शेळ्या घेऊन आलेले एक बाबा बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, आता काय दिसन तुमाले? पोळ्याच्या टायमाले या, मंग दाखवतो इथं काय काय निघते ते.” मी त्या तक्त्यात गवताच्या तीन जाती लिहिल्या. पोळ्यानंतर स्वतःच्या खर्चाने गेले, तेव्हा त्याच माळावर पवना, मारवेल, कुसळ, तरोटा, रानतीळ, आणि वारुळांच्या आसपास पिशव्या भरून सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, गोळा करणाऱ्या बाया होत्या. त्यातलं काहीच अहवालात गेलं नाही, कारण अहवाल तोवर जमा झाला होता. ही गोष्ट मला अजून सलते.

जातींची यादी वाचताना आणखी एक सावधगिरी. विविधतेचा निर्देशांक नुसता मोठा असला म्हणून रान निरोगी ठरत नाही. गाजरगवत, रानतुळस, घाणेरी या तणांनाही त्यात एकेक जात म्हणून मान मिळतो. यादीत कोणती नावं आहेत ते बघा, नुसत्या संख्येवर जाऊ नका. आपल्या शिवारात कधीच न दिसलेलं झाड यादीत असेल, किंवा ज्याखाली तुमची बैलगाडी सुटते ते झाड नसेल, तर ते लेखी कळवण्याजोगं आहे.

जमीन किती बसते

आता त्या अर्ध्या वाक्याच्या गाभ्याशी येऊ. भूमिगत खाणीत आधी कोळशात आडव्या-उभ्या गल्ल्या काढतात आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. या टप्प्यात फारच थोडा कोळसा निघतो, बाकीचा खांबांत अडकलेला राहतो, आणि वरची जमीन जवळपास हलत नाही. पुढच्या टप्प्यात ते खांबही काढतात. खाणकामगार याला डिपिलरिंग म्हणतात. खांब गेले की छत कोसळू देतात. त्या पोकळीला गोफ म्हणतात. छत कोसळलं की त्यावरचा थर वाकतो, त्यावरचा त्याहून थोडा कमी, आणि शेवटी शेत एका उथळ परातीसारखं खाली बसतं.

किती बसेल, ते मुख्यतः कोळशाची किती उंची काढली आणि पोकळी भरली की नाही यावर अवलंबून असतं. ३ मीटर कोळसा काढून छत कोसळू दिलं, तर जमीन निम्म्याहून जास्त, म्हणजे दीड मीटर किंवा थोडी अधिकही बसू शकते. पाण्याबरोबर वाळू सोडून पोकळी ठासून भरली, तर साधारण ५ टक्के, म्हणजे १५ सेंटिमीटर. फरक केवढा आहे बघा. म्हणून ‘पोकळी भरणार का, कशाने भरणार’ हा प्रश्न शेतकऱ्यासाठी सगळ्यात मोलाचा. वाळू म्हटलं की पुढचा प्रश्न कन्हान नदीच्या पात्राचा येतो. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने खुल्या खाणीच्या वरच्या मातीतून वाळू वेगळी काढायचं काम याच जिल्ह्यात सुरू केलं आहे, तेव्हा पर्याय नाही असं नाही.

बसण्याची हद्दही खाणीच्या हद्दीवर थांबत नाही. परिणाम वर येताना तिरपा पसरतो. हा कोन उभ्या रेषेपासून ३५ अंशांचा धरला आणि कोळसा २०० मीटर खोल असला, तर खालच्या कडेपासून वर १४० मीटर बाहेरपर्यंत जमीन ओढली जाऊ शकते. तुमचं शेत नकाशावरच्या रेघेच्या बाहेर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, ते रेघेपासून किती मीटरवर आहे ते मोजा.

परातीच्या मधोमध जमीन दाबली जाते आणि कडेला ताणली जाते. भेगा पडतात त्या कडेला. आपली काळी माती तर दर उन्हाळ्यात भेगाळते, मग ही भेग कोणती हे कसं ओळखायचं? उन्हाळी भेगा जाळीसारख्या सगळीकडे पसरतात आणि पहिल्या दोन-तीन दमदार पावसांत मिटतात. खाणीच्या भेगा एका दिशेने, लांबलचक, धुरे आणि पांदण ओलांडून जातात. काळी माती फुगून त्यांचं तोंड काही प्रमाणात बुजवते, हे तिचं उपकारच म्हणायचे. पण मुरमाड बरडावर त्या उघड्याच राहतात, आणि बरड म्हणजे पुन्हा तेच झुडपी जंगल, तीच चराई.

संत्रा आणि विहीर

झाड दीड मीटर खाली गेलं म्हणून मरत नाही. सगळं शिवार सारखं खाली गेलं तर त्याला कळणारही नाही. मरतं ते पाण्यामुळे, दोन उलट्या रीतींनी. परातीच्या मध्यात उतार बदलतो आणि पावसाळ्यात पाणी साचतं. संत्र्याच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. डिंक्या रोग लागतो, मुळं कुजतात आणि झाड वरून सुकत येतं. काठावर मात्र भेगांतून ओल निघून जाते.

दुसरी गोष्ट खोलवरची. कोळसा आहे बराकर नावाच्या खडकाच्या थरात. त्याच्या वर कामठी वालुकाश्म, ज्याला आपल्या कामठीचंच नाव आहे, आणि पश्चिमेकडे त्यावर काळ्या बेसाल्टचा थर. कामठी वालुकाश्म पाणी धरणारा दगड आहे. गोफ कोसळला की काढलेल्या उंचीच्या वीस-तीस पट, कधी त्याहूनही जास्त उंचीपर्यंत खडकात तडे जातात. ३ मीटरला ६० ते ९० मीटर किंवा त्याच्याही वर. हे तडे पाणी धरणाऱ्या थरापर्यंत पोचले तर पाणी खाणीत उतरतं, खाण ते उपसते, आणि भोवतालची पातळी खाली जाते. तुमची विहीर बेसाल्टमध्ये दहा-पंधरा मीटरच खोल असेल आणि मध्ये चांगला घट्ट थर असेल, तर तिला धक्का लागणारही नाही. बोअरवेल खाली वालुकाश्मात गेली असेल तर चिंता जास्त. प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं असणार, म्हणून ‘भूजलावर परिणाम नगण्य’ एवढ्यावर समाधान न मानता तुमच्या गावाखालच्या थरांचा छेद दाखवा म्हणायचं.

अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, धरणारा शेतकरी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून बगीचाला ताण देतो आणि मग नेमक्या वेळी पाणी सोडतो. फळं मे महिन्याच्या उन्हातून काढायची ती विहिरीच्या जिवावर. उपसलेलं पाणी गावांना देण्याची तरतूद चांगली आहे आणि नागपूर जिल्ह्यात खाणींचं पाणी गावांना मिळतंही. पण ते टाकीत येतं की पाटात, आणि मे महिन्यात येतं का, हे आधी लिहून घ्यायला हवं. तक्त्यातल्या ‘वापर: फळबाग’ या नोंदीला पाण्याशिवाय अर्थ नाही.

सुनावणीच्या आधी

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, आणि अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात बघायला मिळतो. पण वर सांगितलेले आकडे सारांशात क्वचितच असतात. ते मूळ अहवालात असतात, म्हणून मूळ अहवालच मागा. सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी मुद्द्यांचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तो ऐकल्याशिवाय उठू नका, आपला मुद्दा राहिला असेल तर तिथेच सांगा. बोलायची सवय नसेल तर लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या.

त्या ३० दिवसांत एक काम घरोघरी होऊ शकतं. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये पिकाबरोबर बांधावरची झाडं आणि सिंचनाचं साधनही नोंदवता येतं. बहुतेक जण सोयाबीन टाकून ॲप बंद करतात. धुऱ्यावरचा आंबा, मोह, चिंच, जांभूळ नोंदवा; खासगी जमिनीवरची ही झाडंही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. बगीचाचं वय कागदावर येऊ द्या. आणि विहिरीत दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते दर महिन्याच्या एकाच तारखेला वहीत लिहा, शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. खाण सुरू झाल्यावर सुरू केलेल्या वहीचा उपयोग निम्मा. ती आत्ता सुरू व्हायला हवी.